बादलीतली नाणी आणि पाच पैशांचे तिकीट : मदतीच्या मैफिलींचा इतिहास

१/
गेल्या वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका सत्रासाठी मी इंग्लंडमध्ये होते. तिथल्या मुक्कामातला एक रविवार मी शहराबाहेरच्या उद्यानात भरलेल्या संगीत महोत्सवात घालवला. सकाळी अकरापासून सूर्यास्तापर्यंत गाणी चालू होती. तिकिटाचे पैसे आणि दिवसभरात जमणारी देणगी पूर्व आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांना जाणार होती. लोक गवतावर चादरी पसरून बसले होते. मीही सोलापुरी चादर नेली होती. शेजारच्या कुटुंबाने तिच्यावरील नक्षीचे कौतुक केले, तेव्हा घरची आठवण अनावर झाली. आजचा धागा त्या दिवसाविषयी आहे आणि त्या दिवसाने पाठीस लावलेल्या एका प्रश्नाविषयीही.

२/
दुपारी एक वयस्कर स्वयंसेविका प्लास्टिकची बादली घेऊन आमच्या रांगेत आली. बादलीचे झाकण बंद होते, मध्ये नाण्यांपुरती फट होती आणि झाकणाला क्रमांक छापलेले मोहोरबंद लेबल चिकटवलेले होते. मी दोन पौंड टाकले आणि सहज विचारले, ‘‘यातले तिथपर्यंत किती पोहोचते?’’ त्या रागावल्या नाहीत. बादलीवरचा संस्थेचा नोंदणी क्रमांक दाखवून म्हणाल्या, ‘‘हा लिहून घ्या. वर्षाचा हिशेब तुम्ही स्वतः वाचू शकता. गाणी ऐकणाऱ्यांपैकी फार थोडे वाचतात, याचे मात्र वाईट वाटते.’’

३/
त्या संध्याकाळी मला आमच्या सोलापूरच्या घरातली पत्र्याची ट्रंक आठवली. आजोबांची जुनी पत्रे तीत आहेत. १९७१ सालच्या अखेरच्या काही लिफाफ्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट आढळते. मूळ तिकीट कुटुंबनियोजनाचे असून त्याच्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे शब्द ठसठशीत छापलेले आहेत. लहानपणी मला ती छपाईतली चूक वाटत असे. इतिहास शिकू लागल्यावर कळले की, तीही एक प्रकारची बादलीच होती. फक्त तिच्यामागे गाणे नव्हते.

४/
तेव्हा प्रश्न असा : संगीत एका दिवसात हजारो माणसे आणि लाखो रुपये जमवते, हे खरे. पण तो पैसा संकटातल्या माणसापर्यंत कधी पोहोचतो आणि कधी वाटेत अडतो? अठराव्या शतकातील डब्लिन, १९२१ची मुंबई, १९३८चे सोलापूर आणि १९७१चे न्यू यॉर्क अशा चार ठिकाणी आपण याचा शोध घेऊ. यांतील सोलापूरच्या घटनेत मैफल नाही. तरीही ती इथे का आली, हे पुढे स्पष्ट होईल.

५/
आरंभ डब्लिनपासून करू. १३ एप्रिल १७४२ रोजी तेथील फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात हँडेलच्या ‘मसाया’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला. हँडेल जन्माने जर्मन. लंडनमध्ये स्थायिक झालेला हा संगीतकार त्या हंगामासाठी आयर्लंडला आला होता, म्हणजे दुहेरी परदेशस्थ म्हणावा असा. गर्दी इतकी अपेक्षित होती की, स्त्रियांनी घेरदार झग्यांतील कड्या आणि पुरुषांनी कमरेच्या तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती आधीच करण्यात आली होती. सुमारे ७०० श्रोते त्या सभागृहात दाटीवाटीने बसले.

६/
जमलेल्या सुमारे ४०० पौंडांचे तीन समान वाटे झाले. दोन वाटे दोन रुग्णालयांना मिळाले. तिसरा वाटा कर्ज न फेडता आल्यामुळे तुरुंगात खितपत पडलेल्यांच्या सुटकेसाठी खर्च झाला आणि १४२ कैदी मुक्त झाले. या घटनेतली एक गोष्ट लक्षात ठेवावी : पैसा कोणाला द्यायचा, हे पहिला सूर लागण्यापूर्वीच ठरले होते आणि जाहीरही झाले होते. श्रोत्याला आपले नाणे कोणत्या दाराशी जाणार हे ठाऊक होते. त्या दारातून कोण बाहेर आले, हेही मोजता आले.

७/
महाराष्ट्रात संगीत आणि गर्दी यांचे नाते नाट्यगृहात जुळले. त्यामुळे आपल्याकडची सर्वांत गाजलेली मदतीची मैफल हे एक नाटकच होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ सादर झाले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले होते. त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा निधी ३० जून १९२१पर्यंत उभारावा, असा निर्णय काँग्रेसने त्या वर्षीच्या वसंतात बेझवाडा येथे घेतला. आजचे विजयवाडा ते हेच. असहकाराचे आंदोलन ऐन भरात होते आणि गावोगावी वर्गणी गोळा होत होती.

८/
‘संयुक्त’ या शब्दाचे महत्त्व आजच्या वाचकाला सहज कळणार नाही. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे त्या काळातील दोन अत्यंत लोकप्रिय गायक नट आणि दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे आधारस्तंभ. रसिकांत दोन पक्ष होते आणि कोणाचे गाणे श्रेष्ठ, यावर पैजा झडत. ते दोघे एकाच रंगमंचावर, एकाच नाटकात उभे राहणार, ही वार्ताच तिकिटे खपवण्यास पुरेशी होती. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत, तर केशवराव धैर्यधराच्या. या प्रयोगाच्या आठवणी मराठी रंगभूमीच्या इतिहासात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या.

९/
नाटकाची निवडही अर्थपूर्ण ठरली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’चे संपादक राहिलेले नाटककार. त्यांचे ‘कीचकवध’ सरकारने जप्त केले होते. त्यानंतर १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांचे संगीत होते. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी शूर, परंतु निर्धन धैर्यधराला नाकारते आणि वेषांतर करून त्याच्या सहवासात आल्यावर तिचे डोळे उघडतात, असे त्याचे कथानक. पैशाहून पराक्रम मोठा, असे सांगणारे नाटक देशकार्यासाठी पैसा उभा करत होते. ‘बालगंधर्व’ ही पदवीही टिळकांच्याच उद्गारातून आली, असे परंपरा सांगते. म्हणजे नाटककार टिळकांचा, नटाचे नाव टिळकांचे आणि निधीही टिळकांचा.

१०/
आता पडद्यामागे पाहू. याच १९२१ साली गंधर्व नाटक मंडळीची मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली आणि तिच्याबरोबर मोठे कर्जही आले. ते फेडण्यास त्यांना सुमारे सात वर्षे लागली. ज्याच्या स्वतःच्या वहीत देणे साचले होते, तो गायक दुसऱ्या वहीसाठी गात होता. केशवरावांचे नशीब याहून कठोर. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मदतीच्या मैफिलीचा इतिहास लिहिताना आपण जमलेल्या रकमा मोजतो. देणाऱ्या कलावंताने कोणत्या स्थितीत दिले, याची नोंद मात्र क्वचितच होते.

११/
डब्लिन आणि मुंबई यांत एक फरक आहे. डब्लिनचा पैसा विशिष्ट दुःखितांकडे गेला, तर मुंबईचा पैसा एका ध्येयाकडे. खादी, चरखे, राष्ट्रीय शिक्षण आणि काँग्रेसचे संघटन अशा अनेक वाटांनी तो फंड खर्च व्हायचा होता. अशा खर्चाचे फळ ‘१४२ कैदी सुटले’ इतक्या सरळ वाक्यात सांगता येत नाही. तरीही दोन्हींत एक समान सूत्र होते. पैसा स्वीकारणारी यंत्रणा प्रयोगाच्या आधी अस्तित्वात होती. फंडाच्या समित्या होत्या, पावत्या होत्या आणि पै-पैशाची विचारणा करणारे टीकाकारही होते. पडदा पडल्यावर नटांना पेटी घेऊन हिंडावे लागले नाही.

१२/
आता सोलापूर. सतरा वर्षांनंतरची ही गोष्ट आहे. जपानने जुलै १९३७मध्ये चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले आणि ७ ते ९ जुलै हे दिवस ‘चीन दिन’ व चीन फंडाचे दिवस म्हणून पाळले गेले. जमलेली रक्कम होती २२,००० रुपये. पारतंत्र्यातील एका देशाने युद्धग्रस्त शेजाऱ्यासाठी काढलेली ही वर्गणी होती.

१३/
या धाग्यात ही घटना घेण्याचे कारण हेच की, इथे पैशाबरोबर माणसे गेली. पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख मदन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडले होते आणि पुढील शिक्षणाचा विचार करत होते. वर्गणीचे दिवस जुलैत झाले आणि सप्टेंबरच्या आरंभी पथकाने मुंबई बंदर सोडले. आवाहनापासून बोटीपर्यंत जेमतेम दोन महिने लागले.

१४/
पुढचा इतिहास सोलापूरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. फेब्रुवारी १९३९मध्ये पथक येनानला पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली, तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४१मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा मुलगा अवघ्या साडेतीन महिन्यांचा होता. पथकातील इतर चौघे मायदेशी आले. कोटणीसांची समाधी चीनमध्ये आहे.

१५/
सोलापुरात भैय्या चौकाजवळ त्यांचे जुने घर आज स्मारक म्हणून उभे आहे. मी तिथे अनेकदा गेले आहे. प्रत्येक वेळी वाटते की, २२,००० रुपयांचा हिशेब इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी वास्तू मिळणे कठीण. त्या रकमेचे काय झाले, हे विचारणाऱ्याला एका माणसाची चार वर्षे दाखवता येतात. अर्थात प्रत्येक वर्गणीमागे कोटणीस उभा राहील, अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच यंत्रणा लागते. आणि यंत्रणा नसली तर काय घडते, हे पाहायला आपल्याला न्यू यॉर्कला जावे लागेल.

१६/
नोव्हेंबर १९७०मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले. लाखो माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून सावरण्याआधीच २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांडाला आरंभ केला. निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात शिरले. वर्षअखेरीस त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. छावण्यांत पटकीची साथ पसरली. जूनच्या पावसात लोक सिमेंटच्या मोठमोठ्या नळ्यांमध्ये राहत असल्याची छायाचित्रे जगभर छापून आली.

१७/
पंडित रविशंकर त्या वेळी अमेरिकेत लॉस एंजेलिसला राहत होते. त्यांचा जन्म काशीचा असला, तरी घराण्याचे मूळ पूर्व बंगालातील नडाइल भागातले. उस्ताद अली अकबर खाँ तर कुमिल्ला परिसरात जन्मलेले. परदेशात राहणाऱ्या माणसाला मायभूमीवरील संकटाची बातमी वेगळ्या रीतीने बोचते. तो तिथे नसतो आणि म्हणून काहीतरी केलेच पाहिजे, असे त्याला वाटत राहते. एक कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर उभे करावेत, इतकीच रविशंकरांची कल्पना होती. त्यांनी ती आपला शिष्य आणि बीटल्समधील गायक जॉर्ज हॅरिसन याच्यापाशी बोलून दाखवली. हॅरिसनने ती उचलून धरली आणि काही आठवड्यांत सारी जुळवाजुळव केली.

१८/
१ ऑगस्ट १९७१. वार रविवार. योगायोगाने टिळकांची पुण्यतिथी. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले. आरंभ हिंदुस्थानी संगीताने झाला : सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच इतके आवडले असेल, तर वादन अधिक आवडेल, अशा अर्थाची मिस्कील प्रतिक्रिया रविशंकरांनी दिली. नंतर हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल असे एकाहून एक नामवंत गायले-वाजवले.

१९/
तिकिटविक्रीतून जमलेले २,४३,४१८ डॉलर अवघ्या पंधरवड्याच्या आत युनिसेफकडे सुपूर्द झाले. कल्पनेतील रकमेच्या जवळजवळ दसपट. डॉलरमागे सुमारे साडेसात रुपये हा तेव्हाचा दर धरला, तर सव्वाअठरा लाख रुपये होतात. आता त्यांना एक कोटी निर्वासितांनी भागून पाहा. माणशी सुमारे अठरा पैसे. आजोबांच्या चार लिफाफ्यांवरील जादा तिकिटांची किंमत वीस पैसे होते. हा हिशेब मैफिलीला कमी लेखण्यासाठी मांडलेला नाही. संकट केवढे होते आणि एका दिवसाच्या दानाचा आवाका केवढा असतो, याचा अंदाज यावा इतकाच त्याचा हेतू.

२०/
खरी रक्कम त्यानंतर यायची होती. तीन तबकड्यांचा ध्वनिमुद्रण संच वर्षअखेरीस बाजारात आला. त्याने पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळवला आणि चित्रपटही निघाला. लाखो डॉलर जमले आणि तिथेच अडले. कार्यक्रम घाईत ठरला होता. पैसा कोणत्या संस्थेमार्फत जाणार हे आधी निश्चित करून करसवलतीची कायदेशीर व्यवस्था केलेली नव्हती. त्यामुळे अमेरिकेच्या कर खात्याने त्या उत्पन्नाची चौकशी सुरू केली. ध्वनिमुद्रण कंपन्यांशी वाटाघाटी लांबल्या त्या वेगळ्याच. मोठा हिस्सा जवळपास दहा वर्षे गोठून राहिला. ज्या बालकांसाठी गाणी गायली गेली, ती तोवर शाळा संपवण्याच्या वयाला आली होती.

२१/
म्हणून १ ऑगस्टची ती मैफल निष्फळ म्हणायची का? माझे मत तसे नाही. तेव्हा अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या बाजूने उभे होते. ‘बांगलादेश’ या नावाच्या देशाला भारतानेही अद्याप मान्यता दिलेली नव्हती. ती ६ डिसेंबरला मिळाली. अशा वेळी ते नाव एका प्रचंड सभागृहाच्या फलकावर झळकले आणि हजारो तरुणांच्या तोंडी बसले. हे काम रुपयांत मोजता येत नाही. संगीत माणसांचे लक्ष एका दुःखाकडे वळवू शकते, इतके सामर्थ्य त्याच्यात निश्चित आहे. अन्न शिजवणे आणि औषध वाटणे हे मात्र त्याचे काम नाही. ते काम दुसऱ्या कोणाला तरी आधीपासून नेमून द्यावे लागते.

२२/
मग त्या एक कोटी माणसांना दरम्यान कोणी पोसले? मुख्यतः भारताने. त्या खर्चासाठी सरकारने इतर करांबरोबरच १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचा शरणार्थी सहायता कर बसवला. विशेष तिकिटे छापून होईपर्यंत पोस्टाने हाताशी असलेल्या पाच पैशांच्या कुटुंबनियोजन तिकिटांवरच ठसे मारले. आमच्या ट्रंकेतील लिफाफ्यांवर आहेत ती हीच तिकिटे. सोलापुरातील गिरणीकामगार गावी पत्र पाठवी, विडी वळणारी बाई भावाला खुशाली कळवी आणि प्रत्येक लिफाफ्यामागे पाच पैसे छावणीकडे जात. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या नाहीत आणि त्यांची नावेही कुठे नोंदली गेली नाहीत.

२३/
या गोष्टीचा शेवट आमच्या घरात होतो. हा कर १९७३च्या मार्चअखेरपर्यंत चालू होता. दरम्यान १९७२चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. ऐन उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. माझी आजी त्यांतली एक. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत असे आणि तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून मुलांसाठी आणत असे. म्हणजे काही महिने असे होते की, एकाच घरातले आजोबा पत्रावर शरणार्थ्यांसाठी पाच पैशांचे तिकीट लावत होते आणि आजी स्वतः मदतीच्या कामावर होती. देणारा आणि घेणारा अशा दोन जाती नसतात, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या ट्रंकेने अधिक स्पष्टपणे शिकवले.

२४/
न्यू यॉर्कच्या अनुभवातून पुढचे आयोजक शहाणे झाले. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाले, तेव्हा पैसा स्वीकारण्यासाठी बँड एड ट्रस्ट आधीच स्थापन झालेला होता. तरीही युद्धात गुंतलेल्या देशात ती मदत कोणाच्या हाती पडली, यावर पुढे बराच वाद झाला. नोंदणी झाली म्हणजे सर्व काही सुरळीत होते, असे नाही. पण नोंदणी असली की प्रश्न कोणाला विचारायचा, हे तरी कळते. आपल्या राज्यात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांची व्यवस्था निर्माण केली. नोंदणीकृत न्यासाने दरवर्षी तपासलेले हिशेब सादर करणे बंधनकारक आहे. मदतीच्या कार्यक्रमाचे तिकीट काढताना न्यासाचा नोंदणी क्रमांक विचारणे हा नागरिकाचा साधा हक्क आहे.

२५/
पुन्हा त्या उद्यानाकडे येते. सूर्य मावळताना शेवटचे गाणे सुरू झाले, तेव्हा मंचामागच्या पडद्यावर एका दुष्काळी कामाचे छायाचित्र होते. डोक्यावर पाटी घेतलेल्या स्त्रियांची रांग, पायाखाली भेगाळलेली जमीन. क्षणभर मला ते सोलापूरचे वाटले. आजूबाजूचे लोक हळहळत होते, भले होते, मनापासून देत होते. पण त्यांच्या दृष्टीने त्या स्त्रिया फार दूरच्या होत्या. माझ्या दृष्टीने त्यांतली एक माझी आजी होती. त्या रात्री खोलीवर परतल्यावर मी बादलीवरचा क्रमांक शोधला आणि संस्थेचा हिशेब पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचला. आजीपर्यंत सुकडी वेळेवर पोहोचावी, यासाठी कोणीतरी कुठेतरी अशीच वही लिहिली असेल, हे तेव्हा जाणवले.

२६/
थोडक्यात सांगायचे तर : डब्लिनमध्ये दार आधी ठरले होते, मुंबईत वही आधी उघडली होती, सोलापूरने वर्गणीबरोबर माणूस पाठवला आणि न्यू यॉर्कमध्ये सूर आधी लागले, व्यवस्था मागून आली व त्याची किंमत छावणीतल्या मुलांना मोजावी लागली. मैफिलीला अवश्य जा, मनमुराद ऐका आणि सढळ हाताने द्या. घरी आल्यावर हिशेबही वाचा. दान तिथे पूर्ण होते.

२७/
तुमच्या घरी १९७१ ते १९७३च्या काळातील पत्रे असतील, तर त्यांच्यावर ‘शरणार्थी सहायता’ असा ठसा आहे का, ते जरूर पाहा. तिकीट लिफाफ्यावरून सोडवू नका. तारखेच्या शिक्क्यासह तसेच जपा. आणि आजी-आजोबा हयात असतील, तर बहात्तरच्या दुष्काळाविषयी त्यांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. पुढच्या धाग्यात सोलापूर जिल्ह्यातील दुष्काळी कामांवर बांधले गेलेले रस्ते आणि पाझर तलाव यांचा इतिहास पाहू.